जुन्या संगणकावर डिजिटल कॅमेऱ्यातील फोटो कसे उतरवावेत?

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय खताचा नाही, औषधाचा नाही, वाणाचाही नाही, हे पाहून काहींना नवल वाटेल. परंतु पिकाविषयी सल्ला विचारायला येणाऱ्या शेतकऱ्यांकडून एक अडचण वारंवार ऐकायला मिळते. "फोटो काढलेत साहेब, पण ते कॅमेऱ्यातच अडकलेत. घरचा कॉम्प्युटर जुना आहे, तो कॅमेरा ओळखतच नाही." मग कोणी नवा संगणक घ्यायला सांगतो, कोणी कॅमेरा भंगारात टाकायला सांगतो. बहुतेक वेळा या दोन्ही सल्ल्यांची गरज नसते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्यांच्याकडे बरा मोबाईल आहे त्यांनी शेतीसाठी मुद्दाम कॅमेरा विकत घेऊ नये. मोबाईलने काम भागते. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, किंवा शहरातल्या मुलाने नवा घेतल्यावर घरी पाठवलेला कॅमेरा अनेकांच्या कपाटात पडून आहे. त्यातल्या बहुतेकांना जवळचा फोटो काढण्याची सोय असते. कॅमेऱ्यावर लहान फुलाचे चिन्ह असते, तीच ती. मक्यावरील लष्करी अळीच्या डोक्यावरचे उलटे वाय अक्षर आणि शेपटाकडच्या भागावरचे चौकोनात मांडलेले चार ठिपके या सोयीने स्वच्छ टिपता येतात. ही अळी आपल्या देशात २०१८ साली प्रथम आढळली, आणि ती ओळखण्याच्या याच दोन मुख्य खुणा आहेत. तसेच सेवा सोसायटीत, दूध संस्थेत किंवा शाळेत जुना संगणक चालू असतो, कारण त्यावरचे हिशेबाचे काम नीट चालते. कॅमेरा आणि संगणक या दोन्ही वस्तू आपल्याकडे आहेत. दोघांची गाठ तेवढी पडत नाही.

फोटो जपायचे कशासाठी?

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. शेतात मध्येच पिवळा पट्टा दिसतो. चुनखडीच्या भारी जमिनीत लोह पिकाला मिळत नाही, तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक या विषाणू रोगानेही पाने पिवळी पडतात, आणि तो रोग पांढरी माशी पसरवते. जवळून पाहिले तर या दोहोंच्या पानांत फरक करता येतो, पण प्रत्येक वेळी तो सोपा नसतो. अशा वेळी त्याच बांधावर उभे राहून, पेरणीनंतर साधारण तितक्याच दिवसांनी काढलेले तीन-चार वर्षांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर पट्टा दरवर्षी त्याच जागी येतो की जागा बदलतो ते दिसते. जागा तीच असेल तर जमिनीकडे वळावे, माती तपासावी, निचरा पाहावा. जागा बदलत असेल तर रोग-किडीचा विचार आधी करावा. हे एका फोटोतून कळत नाही, आणि गेल्या वर्षीचा फोटो यंदा काढता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डात असलेले फोटो संगणकावर सुखरूप येणे महत्त्वाचे आहे. संगणकावर फोटो दिसले नाहीत तर फारसे बिघडत नाही. ते दिसावेत म्हणून केलेल्या खटपटीत ते पुसले गेले तर मात्र चार हंगाम गेले.

जोडणी कोठे अडते?

ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडताना काय होते ते आठवा. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या जोडदांड्यांना २२ मिलिमीटरची पिन लागते, मोठ्याला २८ मिलिमीटरची. लहान पिनेचे अवजार मोठ्या ट्रॅक्टरला लावायचे असेल तर आपण बुश घालतो. नांगर टाकून देत नाही आणि ट्रॅक्टरही विकत नाही. कॅमेरा आणि संगणक यांच्यामध्येही असाच बुश घालावा लागतो. तो कोठे घालायचा हे समजण्यासाठी अडचण कोठे आहे ते आधी पाहावे. अडचण तीन ठिकाणी असू शकते. केबलमध्ये, कॅमेरा व संगणक एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात त्या पद्धतीत, आणि कार्डावरच्या मांडणीत.

केबलपासून सुरुवात करू, कारण दोष तिथेच निघाला तर पुढची खटपट वाचते. आज आपण जिला यूएसबी म्हणतो ती जोडणी १९९६ मध्ये आली. त्यापूर्वीचे डिजिटल कॅमेरे संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडत. त्या तारेतून सेकंदाला फार तर ११ किलोबाइट माहिती जाई. म्हणजे एक मेगाबाइटचा एक फोटो उतरवायला सुमारे दीड मिनिट! तसे कॅमेरे आता कोणाकडे असण्याचा संभव कमी आहे, तेव्हा ते सोडून देऊ. यूएसबीची पहिली पिढी सेकंदाला १२ मेगाबिट वेगाची होती. व्यवहारात सेकंदाला साधारण एक मेगाबाइट उतरते. चार गिगाबाइटचे भरलेले कार्ड अशा संगणकावर उतरवायला तासाहून अधिक वेळ लागतो. संगणक बंद पडला असे समजून अर्ध्यात केबल ओढणारे पुष्कळ जण असतात. तो बंद पडलेला नसतो, त्याचे काम चालू असते. २००० साली आलेल्या दुसऱ्या पिढीचा वेग ४८० मेगाबिट आहे, त्यामुळे त्यानंतरच्या संगणकावर एवढा वेळ लागत नाही.

मोबाईलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. कॅमेऱ्याला ती बसते, दिवाही लागतो, पण संगणकाला काहीच कळत नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल वापरावी. टेबलावरच्या संगणकाला ती पाठीमागच्या खाचेत लावावी. पुढच्या खाचा आतून वेगळ्या तारेने जोडलेल्या असतात, त्यांत धूळ बसते आणि जोड सैल पडतात. एकाच खाचेत पेनड्राइव्ह, माऊस आणि कॅमेरा असे सगळे लावणारा जोड या कामापुरता काढून ठेवावा.

कॅमेऱ्याचे सेल पूर्ण भरलेले असावेत. फोटो उतरवत असताना कॅमेरा चालूच राहतो, आणि मध्येच बंद पडला तर कार्डावरची नोंद बिघडू शकते. भारनियमनाची वेळही पाहावी. यूपीएस नसलेल्या संगणकावर वीज जाण्याच्या तोंडावर हे काम सुरू करू नये, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ड्रायव्हर, पण ट्रॅक्टरवरचा नव्हे

केबल ठीक असूनही कॅमेरा दिसत नसेल तर दुसरी शक्यता पाहावी. संगणकाला प्रत्येक उपकरण कसे चालवायचे हे सांगणारी एक छोटी प्रणाली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज ९८ च्या काळात प्रत्येक कॅमेऱ्याचा ड्रायव्हर वेगळा असे आणि तो कॅमेऱ्याबरोबरच्या सीडीत मिळे. ती सीडी आधी चालवायची आणि केबल नंतर जोडायची, हा क्रम अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ठळक छापलेला असे. केबल आधी जोडली की विंडोज स्वतःच काहीतरी चुकीचे ठरवून बसे आणि मग ते निस्तरायला लागे. तुमच्याकडे विंडोज ९८ चा संगणक असेल आणि सीडी हरवली असेल तर केबलच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा कार्ड दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावे.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही अडचण बरीच दूर झाली. आता कॅमेरा दोनपैकी एका पद्धतीने बोलतो. पहिल्या पद्धतीत कॅमेरा पेनड्राइव्हसारखा दिसतो, माय कॉम्प्युटरमध्ये त्याला एखादे अक्षर मिळते आणि तो उघडून फोटो कॉपी करता येतात. हिला मास स्टोरेज म्हणतात. दुसरीला पीटीपी म्हणतात. त्या पद्धतीत अक्षर मिळत नाही, कॅमेऱ्याचे चित्र दिसते आणि फोटो एका वेगळ्या खिडकीतून घ्यावे लागतात. कॅननचे बरेचसे लहान कॅमेरे फक्त दुसऱ्या पद्धतीने चालतात. त्यामुळे कॅमेरा जोडला, आवाज आला, पण एफ किंवा जी अक्षर दिसत नाही म्हणून कॅमेरा बिघडला असे समजू नये. इतर अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये यूएसबी या नावाखाली या दोन्हीपैकी एक निवडता येते. एकाने जमत नसेल तर कॅमेरा काढावा, मेनूत दुसरे निवडावे आणि पुन्हा जोडून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

एक्सपीमध्ये फोटो घेण्याच्या खिडकीत एक चौकट असते. फोटो कॉपी झाल्यावर कॅमेऱ्यातले पुसून टाकायचे का, असे ती विचारते. तिथे खूण करू नये. त्याचप्रमाणे माय कॉम्प्युटरमधून घेताना कॉपी करावे, कट करू नये. कॉपी अर्धवट राहिली तर मूळ फोटो कार्डात शिल्लक असतात. कट करताना वीज गेली तर एखादा फोटो ना इकडे राहतो ना तिकडे.

मोबाईल जोडणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अलीकडचे अँड्रॉइड मोबाईल एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. एक्सपीवर त्यासाठी विंडोज मीडिया प्लेअरची दहा किंवा त्यापुढची आवृत्ती असावी लागते. आयफोनचे फोटो २०१७ पासून एचइआयसी या नव्या प्रकारात साठवता येतात, जुना संगणक ते उघडत नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन साधा जेपीजी प्रकार निवडला की पुढचे फोटो उघडतील.

कार्ड रीडर

आता बुशाकडे येऊ. तो बुश म्हणजे कार्ड रीडर. कॅमेऱ्यातले कार्ड काढून या लहान वस्तूत घालायचे आणि ती संगणकाला पेनड्राइव्हप्रमाणे लावायची. कॅमेरा कोणत्या पद्धतीने बोलतो, त्याचा ड्रायव्हर आहे की नाही, त्याचे सेल भरलेले आहेत की नाहीत, हे सारे प्रश्न एका झटक्यात मिटतात. नव्या संगणकापुढे याची किंमत नगण्य आहे. माझे मत विचाराल तर जुन्या संगणकावर केबलची खटपट एकदा करून पाहावी, दुसऱ्यांदा करू नये, सरळ कार्ड रीडर घ्यावा.

मात्र कार्डे बाहेरून सारखी दिसली तरी आतून वेगळी असतात, आणि खरा घोटाळा येथेच होतो. एसडी कार्डाच्या नेहमी आढळणाऱ्या तीन जाती आहेत. साधे एसडी हे दोन गिगाबाइटपर्यंत असते. त्यानंतर २००६ मध्ये एसडीएचसी आले, ते बत्तीस गिगाबाइटपर्यंत असते. २००९ मध्ये एसडीएक्ससी जाहीर झाले, बाजारातली चौसष्ट गिगाबाइट आणि त्यापुढची कार्डे या जातीची असतात. जात कार्डावर छापलेली असते. वरची जात खालच्या जातीच्या यंत्रात चालत नाही. २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्यात आठ गिगाबाइटचे कार्ड घातले तर कॅमेरा दोष दाखवतो. तसेच जुन्या लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत ते कार्ड बसते, पण दिसत नाही. अशा वेळी लॅपटॉप जुनाच ठेवून यूएसबीचा नवा रीडर लावला की तेच कार्ड वाचले जाते, कारण कार्ड ओळखण्याचे काम आता लॅपटॉप करत नाही, रीडर करतो.

चौसष्ट गिगाबाइटच्या कार्डाची गोष्ट याहून वेगळी आहे. रीडर नवा असला तरी या कार्डावरची मांडणी निराळी असते, तिला एक्सफॅट म्हणतात. विंडोज ७ ला ती वाचता येते. विंडोज एक्सपीला मुळात येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये एक वेगळी जोड दिली होती, ती बसवलेली नसेल तर एक्सपीला ते कार्ड कोरे वाटते. आणि मग पडद्यावर एक प्रश्न येतो. या ड्राइव्हमधील डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? खाली दोन बटणे असतात, येस आणि नो.

बंधु-भगिनींनो, येथे नो दाबावे.

हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत येतो की माणूस सहज येस दाबून मोकळा होतो. संगणक विचारतोय म्हणजे काहीतरी करायला हवे असेल, असे वाटते. मोडी लिपीतला जुना दस्त एखाद्याच्या हातात द्या. त्याला मोडी येत नसेल तर तो एवढेच म्हणू शकतो की मला वाचता येत नाही. कागद कोरा आहे, त्यावर पुन्हा लिहू का, असे तो म्हणत नाही. जुना संगणक मात्र नेमके हेच म्हणतो. त्याला वाचता येत नाही ते त्याच्या दृष्टीने कोरे. फॉरमॅट म्हणजे त्या कार्डावरची सगळी अनुक्रमणिका पुसून नवी कोरी मांडणी करणे. तुमचे चार वर्षांचे फोटो त्या कार्डात जसेच्या तसे असतात, आणि एका बटणाने त्यांचा पत्ता नाहीसा होतो.

हाच प्रश्न आणखी दोन कारणांनी येऊ शकतो. कार्डाचे पिवळे पट्टे मळलेले असले किंवा रीडर खराब असला तरी तो येतो. म्हणून नो दाबावे, कार्ड काढावे, पट्टे कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि ते परत कॅमेऱ्यात घालून पाहावे. कॅमेऱ्यात फोटो दिसले तर कार्ड चांगले आहे, अडचण संगणकाची किंवा रीडरची आहे. मग ते कार्ड नव्या संगणकावर न्यावे, फोटो पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि तेथून जुन्या संगणकावर आणावेत. त्यासाठी पेनड्राइव्ह बत्तीस गिगाबाइटपर्यंतचा घ्यावा. तो सहसा फॅट ३२ या जुन्या मांडणीचा असतो आणि एक्सपीला वाचता येतो.

जुना संगणक वापरणाऱ्यांनी चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड घेऊच नये, हे त्याहून बरे. दुकानदार सांगतो की किमतीत फारसा फरक नाही, मोठेच घ्या. किमतीत फरक नसेलही, पण आपल्याला लागते काय? तीन मेगाबाइटचा एक फोटो धरला तर सोळा गिगाबाइटच्या कार्डात पाच हजारांवर फोटो मावतात.

कोणाकडून चुकून येस दाबले गेले असेल तर त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नये. झटपट फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिका जाते, फोटोंची मूळ माहिती बहुधा तशीच राहते. नवा फोटो काढला की ती जागा भरली जाते आणि मग उपाय राहत नाही. फोटोरेक नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिने किंवा तशाच दुसऱ्या प्रणालीने माहीतगार माणूस असे फोटो परत काढू शकतो. परत आलेल्या फोटोंची नावे जातात, पण फोटो मिळतात. संगणक दुरुस्तीच्या दुकानात कार्ड द्यायचे झाल्यास काय घडले ते खरे सांगावे. कार्ड दिसत नाही एवढेच सांगितले तर पहिला उपाय म्हणून तेथेही फॉरमॅटच होण्याचा संभव असतो.

कार्डाची कडी

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक अगदी लहान खिट्टी असते, नखाने खालीवर होते. ती लॉक या शब्दाकडे सरकवली म्हणजे बहुतेक रीडर त्या कार्डावर काही लिहू देत नाहीत, पुसू देत नाहीत आणि फॉरमॅटही होऊ देत नाहीत. वाचता मात्र येते. दाराला आतून कडी लावण्यासारखे आहे हे. परक्या संगणकात कार्ड घालण्यापूर्वी ही कडी लावावी, आणि कॅमेऱ्यात परत घालताना काढावी, नाहीतर कॅमेरा फोटो घेणार नाही. मायक्रो एसडी या नखाएवढ्या कार्डाला कडी नसते, पण ते ज्या मोठ्या खोळीत घालून वापरतो त्या खोळीला असते.

या कडीचा आणखी एक फायदा आहे. एक्सपीच्या काळातले पुष्कळ विषाणू (संगणकातले, पिकावरचे नव्हेत) पेनड्राइव्ह आणि कार्डांवरून गावोगाव फिरत. त्यांतले काही अजूनही जुन्या संगणकांत दडून असतात. असा विषाणू कार्डात शिरला की फोटोंचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा खोटा मार्ग तिथे ठेवतो. त्यावर दाबले की विषाणू पुढे पसरतो. फोटो गेले असे वाटते, पण ते लपवलेले असतात आणि माहीतगार माणूस ते उघड करू शकतो. कडी लावलेल्या कार्डात तो शिरतच नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर, आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देणे थांबवले. म्हणून असा संगणक फोटो ठेवायला खुशाल वापरावा, पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि शक्य तर त्याला इंटरनेट जोडूच नये.

एसडीखेरीज इतर कार्डे असलेल्या कॅमेऱ्यांविषयी दोन शब्द. सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस व फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांतले एक्सडी कार्ड, आणि जाड, चौकोनी कॉम्पॅक्ट फ्लॅश. आजच्या सर्वच रीडरमध्ये या खाचा नसतात. रीडर घेताना आपले कार्ड बरोबर न्यावे आणि घालून पाहावे. एक्सडी कार्डाचा रीडर मिळाला नाही तर मूळ केबल हाच एक मार्ग उरतो, आणि त्या केबलचे टोक पुष्कळदा त्याच कंपनीच्या खास आकाराचे असते. ती केबल चिठ्ठी बांधून कॅमेऱ्याच्याच पिशवीत ठेवावी.

फोटोंची नावे आणि तारखा

कॅमेरा फोटोंना स्वतः क्रमांक देतो. कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केले किंवा बदलले की काही कॅमेरे पुन्हा एकपासून सुरुवात करतात. मग मागच्या खरिपातला क्रमांक एक आणि यंदाचा क्रमांक एक या दोघांची नावे सारखीच होतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवले तर संगणक विचारतो, जुन्याच्या जागी नवा ठेवू का? येथेही होय म्हटले की जुना फोटो गेला. म्हणून प्रत्येक वेळी फोटो उतरवताना नवा फोल्डर करावा. त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गट क्रमांक आणि पीक लिहावे. वर्ष आधी लिहिले की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. कॅमेऱ्याच्या मेनूत क्रमांक सलग चालू ठेवण्याची सोय असेल तर तीही निवडावी. जुन्या संगणकावर ही नावे इंग्रजी अक्षरांत लिहावीत हे बरे. विंडोज ९८ ला देवनागरी नावे येत नाहीत. विंडोज २००० पासून ती येऊ लागली, पण एक्सपीमध्येही त्यासाठी भाषेची सोय वेगळी चालू करावी लागते.

कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. सेल बराच काळ काढून ठेवले तर ते मागे जाते आणि कॅमेरा कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून मोजू लागतो. ही तारीख प्रत्येक फोटोच्या आत लिहिली जाते. कपाशीचे बोंड पहिल्या जानेवारी २००५ ला टिपल्याचे दिसू लागले तर चार वर्षांची तुलना करणार कशी?

फोटोचा आकार तीन ते पाच मेगापिक्सेल ठेवावा. दोन हजार अठ्ठेचाळीस गुणिले पंधराशे छत्तीस, म्हणजे तीन मेगापिक्सेलचा फोटो रोग ओळखायला आणि पोस्टकार्डाएवढी प्रत छापायला पुरतो. सोळा मेगापिक्सेलचे फोटो जुन्या संगणकावर उघडतात, पण एकेक उघडायला चहा होईल इतका वेळ घेतात. कॅमेऱ्यात रॉ नावाचा प्रकार असेल तर तो निवडू नये, जुन्या संगणकाला तो समजत नाही.

उतरवून झाल्यावर कार्डातल्या आणि संगणकातल्या फोटोंची संख्या जुळते का ते पाहावे. पहिले, मधले आणि शेवटचे असे काही फोटो उघडावेत. मग दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा संगणकाला डीव्हीडी लिहिण्याची सोय असेल तर डीव्हीडीवर घ्यावी आणि ती दुसऱ्या घरी, भावाकडे ठेवावी. जुन्या संगणकाची हार्ड डिस्कही जुनीच असते, ती कधी जाईल सांगता येत नाही. दोन प्रती झाल्यावरच कार्ड रिकामे करावे, आणि ते संगणकावर न करता कॅमेऱ्याच्या मेनूतून करावे. कॅमेरा आपल्याला हवी तशी मांडणी स्वतः करून घेतो.

फोटो कृषि विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात दाखवायला आणताना छापील प्रत आणू नये, पेनड्राइव्हवरची मूळ प्रत आणावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर ते लहान होऊन पोहोचतात आणि पानावरचे बारीक ठिपके पुसट होतात. एका रोगट झाडाचे निदान तीन फोटो असावेत. एक संपूर्ण शेताचा, एक पूर्ण झाडाचा आणि एक पानाचा जवळून. द्राक्षाचे पान असेल तर खालची बाजूही घ्यावी, कारण केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खाली असते आणि वर फक्त तेलकट डाग दिसतो. हे सारे करूनही कॅमेरा संगणकाशी जुळलाच नाही तर कॅमेरा, त्याची केबल, भरलेले सेल आणि कडी लावलेले कार्ड असे सगळे बरोबर घेऊन या. फोटो तेथेच उतरवून घेता येतील.